उत्तरेची बुटकी भिंत

सामंत सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. रियाधमधल्या आपल्या मंडळींनी एका व्हिलाचा हॉल घेतला होता, फोटोला हार होता, उदबत्ती होती, आणि एकेक जण उठून तुम्ही किती शांत, किती समजूतदार, हाताखालच्या माणसांचं किती ऐकून घेणारे होतात ते सांगत होता. कोणीतरी म्हणालं, सामंतांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही. मी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात तुमच्याशी फोनवर बोलत असले की तुमचा आवाज त्याला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचा, त्यामुळे त्याने मान खाली घातली. मग माझं नाव पुकारलं. "शुभदाताई, तुम्ही तर त्यांचा उजवा हात, दोन शब्द बोला." मी बसल्या जागेवरून नको म्हणून हात हलवला. लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. मला राग आवरत नव्हता.

तर तिथे बोलले नाही ते इथे बोलते. मधेच तोडायची सोय तुम्हाला आता नाही, हे एक बरं झालं.

बोलणाऱ्या प्रत्येकाने तुमच्या अल खर्जच्या इमारतीचं नाव काढलं. मुलींचं कॉलेज, जाड भिंती, आत ओढलेल्या खिडक्या, मधोमध अंगण, एसी कमी लागतो, दारात ‘हिरवी इमारत’ म्हणून वीज वाचवल्याबद्दल मिळालेली पाटी. सगळं खरं. फक्त ती इमारत चालू असताना आतून बघितलेला एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. असणार कसा? कॉलेजच्या वेळात पुरुषाला फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही. तुम्हालाही आलं नाही. एकेक रेघ तुम्ही काढलीत आणि उद्घाटनानंतर आत जायला मिळालं ते शुक्रवारी, चौकीदाराबरोबर, आत चिटपाखरू नसताना. तुम्ही तुमचं अंगण कायम रिकामंच पाहिलंत. म्हणून ते रिकामं असतं हे तुम्हाला कधी खुपलंच नाही.

आत जाणारी मी. मला नोकरी देताना तुम्ही काय म्हणाला होतात आठवतं? "काम येतं की नाही ते बघू पुढे, आत्ता मला आत जाऊ शकेल असं कोणीतरी पाहिजे." बायकांना फर्निचर आणि पडद्यांच्या कामापलीकडे फारसं कोणी बोलवत नव्हतं त्या काळात तुम्ही मला साइटवर नेलंत, त्याचे उपकार आहेतच. दुपारच्या उन्हात उभं करून दाखवलंत की कामगार डबा कुठे उघडतात ते बघ, तिथे खरी सावली, नकाशातल्या सावलीवर विश्वास ठेवू नकोस. भिंतीला हात लावून ती कधी तापते आणि कधी निवते ते ओळखायला शिकवलंत. हे मी विसरलेले नाही. पण डोळे म्हणून ठेवलेल्या माणसाने दिसतं ते सांगितलं की तुम्हाला ते चालायचं नाही, हे सुद्धा विसरलेले नाही.

गोष्ट साधी होती. तीन बाजूंना वर्ग आणि उत्तरेला फक्त छातीइतकी भिंत. इथला वारा उत्तरेकडून येतो. तो आत आला की अंगण गार, अंगण गार की भोवतीचे वर्ग गार, आणि रात्री वरच्या झडपा उघडल्या की भिंतींनी दिवसभर साठवलेली ऊब बाहेर. डोकं तुम्ही झकास लढवलं होतं. भिंतीची उंची विचारली तर म्हणायचात, आमच्या कुडाळच्या घरापुढच्या दगडी गडग्याएवढी. "अंगण कशाला म्हणतात? रस्त्याने जाणाऱ्याला बसल्या जागेवरून हाक मारता आली पाहिजे, त्याला अंगण म्हणतात." हे तुम्ही क्लायंटला इंग्रजीत, ड्रायव्हरला हिंदीत आणि मला मराठीत ऐकवलंत.

अहो, पण ही माणसं कुडाळची नाहीत. इथलं घर रस्त्याकडे पाठ करून बसतं. कंपाउंडची भिंत माणसाच्या डोक्यावर जाते आणि अंगण तिच्या आड असतं, घरातल्या बायकांना मोकळं फिरता यावं म्हणून. इतकी वर्षं तुम्ही सौदी लोकांच्या घरी त्यांची ती वेलचीची कॉफी, गहवा, प्यायलात, खजूर खाल्लेत. पण तुमचं जाणं पुरुषांच्या बैठकीपर्यंत. तिथून आतलं अंगण दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कसं असेल हे विचारायची तुम्हाला सवय नव्हती.

त्यात समोर रस्त्यापलीकडे ती इमारत उभी राहिली. तुम्ही नकाशा काढलात तेव्हा मोकळा प्लॉट होता, हे मान्य. आपला पाया झाला तोवर तिकडे पाच मजले चढले होते. डेअरीत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांची खोल्यांची चाळच म्हणा. प्रत्येक मजल्याला बाल्कनी, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि कठड्यावर कोपर टेकून चहा पिणारी माणसं. बिचारी शिफ्ट संपवून उभी असायची, कोणाच्या वाईटावर नव्हती. पण कॉलेजात आल्या आल्या मुली अबाया काढून खुंटीला अडकवतात, केस मोकळे सोडतात, जीन्समध्ये, फ्रॉकमध्ये हिंडतात. त्या पाच मजल्यांसमोर त्या अंगणात येणार कशाला? त्या आतल्या जिन्यावर दाटीवाटीने बसायच्या, पायरीपायरीवर, डबे मांडीवर घेऊन. बाहेर बाकं, सावली, खजुराची झाडं, वारा, आणि माणूस नाही.

मी अल खर्जहून परत यायला निघाले की अर्ध्या वाटेत तुमचा फोन. "काय गो, बसल्या का?" नमस्कार नाही, जेवलीस का हेही नाही. मी म्हणायचे, नाही बसल्या. मग तुमचं सुरू. त्यांना एसीची चटक लागलीय. त्यांना ऊन म्हणजे काय माहीत नाही. नवीन आहे, सवय होईल. एकदा तर म्हणालात, तू नीट बघत नसशील. मी गाडी कडेला घ्यायला लावली होती, कारण ड्रायव्हरसमोर ओरडायची लाज वाटत होती. भिंत उंच करा, म्हटलं, काहीतरी आडोसा करा, वरून दिसतंय सगळं. तुम्ही म्हणालात, आडोसा केला की वारा मेला, आणि वारा मेला की त्या इमारतीत राहिलं काय? झाडं लावलीत ना भिंतीपाशी, वाढतील. मी म्हटलं, झाडं वाढेपर्यंत या मुली पास होऊन लग्नं करून जातील.

जेद्दाला बलदमध्ये, जुन्या शहरात, आपण त्या जुन्या घरांखाली उभे होतो ते आठवतं का? वर लाकडी जाळीच्या मोठ्या खिडक्या, अर्ध्या रस्त्यावर झुकलेल्या. तुम्ही मान वर करून फोटोंवर फोटो काढत होतात आणि आपल्याबरोबरच्या पोरांना सांगत होतात, बघा, यातून समुद्रावरचा वारा कसा आत खेचतात. मी म्हटलं, सर, आणि आत बसलेली बाई खालच्याला दिसत नाही, ते पण. तुम्ही कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालात, "ते आहेच, पण मुद्दा वाऱ्याचा आहे." सर, अर्धी खिडकी तुम्ही पाहिलीत आणि अर्धी मी. तुम्ही साहेब होतात म्हणून तुमची अर्धी बांधली गेली.

मिटिंगमध्ये केलंत ते तर मी कधीच माफ करणार नाही. मी रात्र घालवून उत्तरेच्या भिंतीवर आडव्या, तिरक्या फळ्यांची चौकट काढून आणली होती. आपल्याकडे जुन्या शाळांना, दवाखान्यांना खडखडीच्या खिडक्या असतात तशी. उजेड येतो, वारा येतो, वरचा माणूस डोकावू शकत नाही. तुम्ही तो कागद बघितलात, उलटा केलात आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना हसत सांगितलंत, "मॅडम को पर्दा चाहिए." सगळे हसले. तुम्ही पण हसलात. पुढच्या स्लाइडवर तुमचं ते संगणकावर काढलेलं चित्र होतं, अंगण मुलींनी भरलेलं, कोणी वाचतंय, कोणी हसतंय. त्या मुली कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या फोटोंतून कापून चिकटवलेल्या होत्या. त्याच चित्रावर तुम्ही पुढे जिथेतिथे भाषणं ठोकलीत.

आणि दवाखाना. मी भेटायला आले तेव्हा नाकाला नळी होती, आवाज पार बसला होता. वहिनी उशाशी होत्या. तुम्ही डोळे उघडलेत, मला बघितलंत आणि तेच विचारलंत, बसल्या का. मी म्हटलं, नाही सर. तुम्ही तोंड फिरवलंत. वहिनींनी मला हाताला धरून बाहेर आणलं आणि म्हणाल्या, "एकदा हो म्हटलं असतंस तर जीभ झडली असती का गं तुझी?" त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. वहिनींनी शोकसभेत माझ्याकडे बघितलं नाही. लोकांना कळलंय. बायका मला थोडं सांभाळूनच विचारतात, तू खरंच तसं म्हणालीस?

हो, म्हणाले. पुन्हा विचारलंत तरी तेच म्हणेन. इतकी वर्षं भांडले ती काय शेवटी तुम्हाला लहान मुलासारखं गोंजारायला? तुम्ही मरायला टेकला होतात म्हणून भिंत उंच झाली नव्हती. मला सगळ्यांत जास्त राग याचा आहे की तुम्ही हरलात हे मान्य न करता उठून गेलात, आणि वाईटपणा माझ्या पदरात टाकून गेलात. माझी मुलगी परवा म्हणाली, "आई, ही इज डेड ना? मग तू अजून त्यांच्याशी फाइट का करतेस?" तिला काय सांगणार? भांड्यांवर राग काढत होते, तो आवाज तिने ऐकला.

पण खरा तमाशा तुम्ही गेल्यावर झाला. कॉलेजच्या उपप्राचार्या डॉ. नूरा, तुम्ही त्यांना फोनवरच ओळखायचात, त्यांनी मला कळवलं की अंगणावर काचेचं छत घालायचं ठरतंय. उत्तरेची बाजू पण काचेने बंद, आत एसी, कॅफे, सोफे. कारण काय, तर अंगण वापरात नाही. पुरावा काय, तर दर भेटीनंतर मी लिहून पाठवलेले माझे रिपोर्ट. माझीच वाक्यं त्यांनी वर काढून ठेवली होती: अंगणात विद्यार्थिनी बसत नाहीत. मी तुमच्याविरुद्ध इतकी वर्षं जे लिहिलं, तेच घेऊन ते तुमच्या इमारतीचा गळा दाबायला निघाले होते. काच घातली की त्या अंगणाची भट्टी होणार. वर्गांच्या वरच्या झडपा कायमच्या बंद, जाड भिंती नुसत्या शोभेच्या, आणि सगळ्या इमारतीला दुप्पट मोठी एसीची यंत्रं. दारातली पाटी तेवढी राहणार. त्या रात्री मी तुम्हाला मनात काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्यासारखं नाही. मला हवं होतं अंगणात बसणं, आणि अंगणच जात होतं. तुमची बाजू मांडायला तुम्ही नव्हतात. म्हणजे ती मी मांडायची.

रविवारी मिटिंग होती. प्रोजेक्टवाले इंजिनिअर साहेब पडद्यावरून बोलत होते, समोर मी आणि डॉ. नूरा. साहेब म्हणाले, मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? मी म्हटलं, शब्दन् शब्द माझा आहे आणि खरा आहे, पण काच घालू नका. मग मी उन्हाचं, यंत्रांचं, बिलाचं सगळं सांगितलं. संध्याकाळी आत दिवे लागले की काचेतून समोरच्या बाल्कन्यांना सगळं जास्तच दिसेल, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, काचेला फिल्म लावू. म्हणजे काळी काच, आणि दिवसा दिवे. माझं बोलणं त्यांच्या कानावरून जात होतं. शेवटी मी डॉ. नूरांना म्हटलं, पाच मिनिटं माझ्याबरोबर खाली चला.

त्या माझ्यापुढे चालत होत्या. डोक्यावर काही नव्हतं, स्कार्फ खांद्यावर पडलेला, आतल्या बाजूला सगळ्याजणी असतात तशा. अंगणाचं दार उघडलं आणि उंबरठ्यावर पाय ठेवता ठेवता त्यांनी स्कार्फ उचलून केसांवर घेतला. बोलत होत्या दुसऱ्याच कशाबद्दल तरी. मी विचारलं, डॉक्टर, तुम्ही आत्ता काय केलंत? त्यांना कळेना. मी म्हटलं, डोक्याला हात लावून बघा. त्यांनी हात लावला. मग वर समोरच्या बाल्कन्यांकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावर एकजण बनियनवर उभा राहून दात घासत होता. त्यांनी स्कार्फ आणखी पुढे ओढला. मग म्हणाल्या की ही इमारत झाल्यापासून मी रोज या दारातून जाते, रोज हेच करत असणार, आणि मला पत्ता नाही. आणि मला विचारलं, तुम्ही एकदा दाखवलेला भिंतीवरचा तो लाकडी प्रकार अजून आहे का?

आहे म्हटलं. पर्दा.

वर जाऊन त्यांनी साहेबांना सांगितलं की हिवाळाभर आधी हे करून बघायचं, तोवर काचेचं नाव काढायचं नाही, खलास. त्यांच्या त्या एका शब्दाने माझं इतक्या वर्षांत झालं नाही ते काम झालं. तुम्हाला तो शब्द मी वेळेवर का म्हणू शकले नाही, कोण जाणे.

सुताराने चौकटी करून आणल्या. तुमची भिंत मी पाडली नाही, तिच्यावरच उभ्या केल्या, दोन पुरुष उंच, फळ्यांची तोंडं अशी कललेली की समोरच्या पाचव्या मजल्यावरूनही नुसतं लाकूड दिसावं. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. मी जिन्यापाशी उभी राहून तुम्हाला आणि मला, दोघांनाही बोल लावत होते. मग दोघीजणी आल्या, फळ्यांपाशी जाऊन डोळा लावून पलीकडे बघितलं, आपसांत काहीतरी ठरवलं आणि बाकावर बसल्या. पुढच्या आठवड्यात जिना मोकळा झाला. आता बाकं पुरत नाहीत, मुली कट्ट्यावर बसतात, खाली सतरंज्या टाकतात, कोणीतरी गहव्याचा थर्मास आणतं. डॉ. नूरांचं पत्र गेलंय वर. काच रद्द.

वहिनींची जायची तयारी सुरू होती. इकाम्याचे, इथल्या राहण्याच्या परवान्याचे, सोपस्कार संपत आले होते, घरात खोकी भरलेली. मी फोन केला आणि म्हटलं, जायच्या आधी एकदा अल खर्जला चला. पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. मग, "कशाला?" मी म्हटलं, त्यांना नेता आलं नाही, तुम्हाला येतं. त्या आल्या. माझ्यासाठी नाही, घरातली खोकी बघवत नव्हती म्हणून असेल. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसल्या. डेअऱ्यांचा वास यायला लागला तशी काच वर करा एवढंच ड्रायव्हरला म्हणाल्या.

अंगणात आम्ही बसलो. चारी बाजूंना मुलींचा कलकलाट. एकीने येऊन वहिनींच्या हातात गहव्याचा कप दिला, खजूर दिले. वहिनी भिंतींकडे, वरच्या झडपांकडे, झाडांकडे बघत होत्या. तुम्ही घरी या इमारतीचं इतकं बोलला असणार की त्यांना सगळं ओळखीचं वाटत असावं. मला वाटलं, आता म्हणतील, तेव्हा हो म्हणायचं होतंस. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की तेव्हा हे नव्हतं, वहिनी. पण त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ओढणीने मान पुसली, मग कपाळ पुसलं.

"वारा नाही गं फारसा इथे," त्या म्हणाल्या. "हे तर केवढं सांगायचे."

फळ्यांनी वारा अडतो, सर. तुम्ही म्हणाला होतात तेवढा नाही, पण मी म्हणाले होते त्याहून जास्त अडतो.

"होता, वहिनी," मी म्हटलं. "खूप वारा होता इथे."